नावडत्या विषयांची यादी

यादीत 18 आजार होते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या 16 फॅमिली डॉक्टरांपुढे ती ठेवली आणि सांगितलं, की यातलं काय शिकायला आवडेल आणि कशात फारसा रस नाही, ते ठरवून क्रम लावा. हे सगळे डॉक्टर पुढच्या शिक्षणासाठी आपणहून नाव नोंदवून बसलेले, म्हणजे बेफिकीर मंडळी नव्हेत. मग चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला अभ्याससाहित्य लगेच मिळालं. त्यात आवडीचे विषय होते आणि काही नावडीचेही मुद्दाम घातले होते. दुसऱ्या गटाला थांबायला सांगितलं. या डॉक्टरांनी पेशंटना आधी कसं तपासलं होतं, नंतर कसं तपासलं आणि काय लिहून दिलं, हे त्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी काढून ताडून पाहिलं.

हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या जॉन सिब्ली, डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग 1982 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. साहित्य वाचलेल्या डॉक्टरांना परीक्षेत जास्त गुण मिळाले, त्यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. आवडीच्या विषयांत पेशंटवरच्या उपचारांत दोन्ही गटांत फरक दिसेना, कारण थांबून राहिलेले डॉक्टरही तेवढेच सुधारले होते. ज्याची आवड असते ते माणूस कुठून ना कुठून मिळवतोच. फरक पडला तो नावडीच्या विषयांत. तिथे ज्यांना साहित्य दिलं ते पुढे गेले आणि ज्यांना दिलं नाही ते होते तिथेच राहिले. जे आजार कुणालाच शिकवले नव्हते त्यांत काहीच हललं नाही. एका आजाराचं शिक्षण दुसऱ्या आजाराच्या उपचारात आपसूक झिरपत नाही, हेही त्यातून कळलं.

सोळाच डॉक्टर, म्हणून या प्रयोगाला नाकं मुरडता येतील. पण त्याने उभा केलेला प्रश्न चाळीस वर्षांनंतरही तसाच आहे. डॉक्टरांना काय शिकवायचं हे डॉक्टरांनाच विचारून ठरवलं, तर जिथे शिक्षणाचा उपयोग सगळ्यात कमी तिथेच ते जाऊन पडतं.

आपल्याकडे ते कसं ठरतं? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरला नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट तास जमवावे लागतात. ते बहुतेक वेळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी रविवारी भरणाऱ्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या सभेत, जमतात. विषय डॉक्टरांची संघटना ठरवते, सदस्यांना विचारून. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचे हृदयरोगतज्ज्ञ येतात, औषध कंपनीचा स्टॉल दाराशी असतो, आणि छाती न उघडता झडप कशी बदलतात याची फिल्म दाखवली जाते. व्याख्यान उत्तम असतं, जेवणही बहुधा चांगलं असतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही आयुष्यात एकही झडप बदलायची नसते. त्याला सोमवारी सकाळी बीपी मोजायचं असतं, सुजलेल्या पायांकडे बघून दोन औषधांतलं एक निवडायचं असतं आणि छातीत जळजळतंय म्हणणाऱ्या बाईला घरी पाठवायचं की गाडीत घालायचं हे ठरवायचं असतं. हृदयरोग हा सगळ्यांच्या आवडीचा विषय आहे खरा, पण त्यातले हे कोपरे नावडीचे आहेत. नावडीचे म्हणण्यापेक्षा, ते येतातच असं प्रत्येकाने गृहीत धरलेलं आहे. (ग्रामीण भागात दवाखाना चालवणारे कितीतरी डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. त्यांच्या परिषदा वेगळ्या, नियम वेगळे. छातीत दुखणारा पेशंट मात्र त्यांच्याकडेही तोच येतो.)

गृहीत धरण्यात दोष कुणाचा? स्वभावाचा म्हणावा, तर तो सगळ्याच माणसांचा आहे. टोरॉन्टोचे डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 2006 साली ‘जामा’मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. डॉक्टरने स्वतःला दिलेले गुण आणि बाहेरून मोजलेली त्याची कुवत अशा 20 तुलना त्यांना मिळाल्या. त्यातल्या 13 तुलनांत दोहोंचा मेळ जवळजवळ नव्हता, नाहीतर उलटा होता. ज्यांची कुवत सगळ्यात कमी आणि आत्मविश्वास सगळ्यात जास्त, त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज सगळ्यात चुकीचा होता. न्यूझीलंडमध्ये 67 जनरल प्रॅक्टिशनरांना आधी विचारलं की अमुक विषय तुम्हाला किती येतो, आणि मग त्याच विषयांवर त्यांची परीक्षा घेतली. तिथेही तेच. वाण्याने आपलाच तराजू आपल्याच वजनांनी तपासावा, तसा हा प्रकार आहे. वजन खोटं असलं तरी काटा मध्यावरच उभा राहणार.

पेशंटकडे यावर एक जुना तोडगा आहे: केस पिकलेल्या डॉक्टरकडे जावं, त्यांच्या हाताला गुण असतो. अनुभवाची किंमत मला कमी करायची नाही. गावातल्या तीन पिढ्या ओळखणारा डॉक्टर पेशंट दारातून आत येतानाच पुष्कळ काही टिपतो. पण हार्वर्डच्या नितीश चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2005 साली वय, अनुभव आणि उपचारांचा दर्जा यांचा संबंध तपासणारी 62 विश्लेषणं गोळा केली, तेव्हा निम्म्याहून किंचित जास्त, 52 टक्के विश्लेषणांत प्रॅक्टिसची वर्षं वाढतील तसा दर्जा सगळ्या मोजमापांवर घसरलेला होता. हात तोच असतो, पण मधल्या काळात औषधं बदलतात, आकडे बदलतात, नियम बदलतात आणि हे बदलल्याची वर्दी द्यायला कुणी येत नाही.

तेव्हा डॉक्टरला न विचारता त्याची उणीव शोधायची कशी? सगळ्यात स्वस्त उपाय केसपेपरांत आहे.

कुठल्याही दवाखान्यातले बीपीच्या पेशंटचे पन्नास केसपेपर काढा आणि फक्त बीपीच्या आकड्यांचा शेवटचा अंक बघत जा. पाऱ्याच्या किंवा डायलच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरवर असतात. म्हणजे शेवटी 0, 2, 4, 6 किंवा 8 यातलं काहीतरी येणार, आणि सावकाश, नीट मोजलं असेल तर शून्य साधारण पाचांत एकदा येणार. प्रत्यक्षात काय दिसतं? 140/90. 130/80. 150/90. 130/80. पानामागून पान शून्यांचं. म्हणजे पट्ट्यातली हवा भराभर सोडली गेली आणि कानाला ऐकू आलं त्याच्या जवळचा गोल आकडा लिहिला गेला. जगभरच्या दवाखान्यांत हे आढळलेलं आहे, ही काही आपली खासियत नाही. पण परिणाम बघा. औषध सुरू करायचं की नाही याची रेघ जिथे ओढलेली आहे, ती 140/90 नेमकी शून्यांवरच आहे. 136 चं 140 झालं की धडधाकट माणसाला जन्माची गोळी लागते. 144 चंही 140 होतं आणि मग ‘काठावर आहे, पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हटलं जातं. तो पुढचा महिना वर्षभर येत नाही.

त्याच केसपेपरांवरून उठून तपासणीच्या टेबलापाशी उभं राहिलं, तर आणखी दिसतं. पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधलाय. दंड जाड आणि पट्टा नेहमीचाच, त्यामुळे आकडा खराहून जास्त येणार. हात लोंबकळतोय, तोही आकडा वर नेणार. पेशंट जिना चढून आलाय आणि मुलीच्या लग्नाचं सांगतोय. यातली एकही गोष्ट डॉक्टरला माहीत नाही असं नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातली ही गोष्ट आहे. आणि म्हणूनच ‘तुम्हाला कशाचं प्रशिक्षण हवं?’ या फॉर्मवर ‘बीपी मोजणं’ असं कुणीही, कधीही लिहीत नाही.

नाडीचंही तसंच. एट्रियल फिब्रिलेशन या दुखण्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात, आत रक्त साकळतं आणि गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी पूर्ण बेताल लागते, आणि खात्री ईसीजीवर होते. इंग्लंडच्या मध्य भागातल्या दवाखान्यांत झालेल्या ‘सेफ’ या मोठ्या चाचणीत 65 वर्षांवरच्या लोकांचे ईसीजी जनरल प्रॅक्टिशनरांना वाचायला दिले आणि तेच तज्ज्ञांकडूनही वाचून घेतले. 2007 साली ‘बीएमजे’त निकाल आला. ज्या 99 ईसीजींत हा दोष खरोखर होता, त्यातले 79 डॉक्टरांनी ओळखले, 20 सुटले. दोष नसलेल्या 1,355 ईसीजींपैकी 114 मध्ये त्यांना नसलेला दोष दिसला. सुटलेल्या 20 जणांना पक्षाघाताचा धोका राहिला. चुकून शिक्का बसलेल्या 114 जणांना रक्त पातळ करणारं औषध विनाकारण लागू शकलं असतं. दोन्ही चुका एकाच वेळी करणाऱ्या माणसाला त्यातली एकही जाणवत नाही, कारण त्याच्या टेबलावर शेजारी तज्ज्ञाचं उत्तर ठेवलेलं नसतं.

स्टेथोस्कोपबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागतं. 1997 साली अमेरिकेत मॅन्जिओनी आणि नीमन यांनी मेडिसिन आणि फॅमिली प्रॅक्टिसचं प्रशिक्षण घेणाऱ्या 453 रेसिडेंट डॉक्टरांना हृदयाचे 12 नेहमीचे आवाज ऐकवले. ओळखले गेले सुमारे 20 टक्के. इको मशीन आल्यावर कानाची गरज संपली, असं म्हणणारे शहरात बरेच भेटतात. पण इकोला पाठवायचं कुणाला, हे कानच ठरवतो. श्रीमंत देशांतून संधिवाताच्या तापाने होणारा झडपांचा आजार जवळजवळ गेला. आपल्या वाड्यावस्त्यांवरून तो अजून गेलेला नाही. त्यातल्या आकसलेल्या मायट्रल झडपेचा आवाज फार हळू असतो, पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपच्या घंटेसारख्या बाजूने ऐकावा लागतो. असली झडप घेऊन वर्षानुवर्षं शेतात राबलेली बाई गरोदरपणात पाचव्या-सहाव्या महिन्यात अचानक धापा टाकू लागते. तेव्हा तिला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. रक्त खरोखर कमी असतंच, त्यामुळे शंका येत नाही.

आतापर्यंतच्या गोष्टी हातच्या कौशल्याच्या झाल्या. त्याहून कठीण प्रकार असा, की डोक्यात जागा रिकामी नसते, तिथे जुनं ज्ञान ठाण मांडून बसलेलं असतं. हृदय थकलेल्या पेशंटला, म्हणजे हार्ट फेल्युअरमध्ये, बीटा ब्लॉकर द्यायचे नाहीत असं विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत पाठ्यपुस्तकांत छापलेलं होतं. तर्क सरळ होता: आधीच थकलेल्या हृदयाला आणखी मंद कशाला करायचं? स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या फिन वॉगस्टीन यांनी 1975 साली उलटं करून पाहिलं आणि पेशंट सुधारले. कुणी फारसं मानलं नाही. मग 1999 साली दोन मोठ्या चाचण्या आल्या, एक बायसोप्रोलॉलची आणि दुसरी मेटोप्रोलॉलची. दोन्हींत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्याच सुमारास युरोपातल्या 15 देशांमधल्या फॅमिली डॉक्टरांकडची पाहणी झाली, ती 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. हार्ट फेल्युअरच्या पेशंटपैकी एसीई इनहिबिटर या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या 60 टक्क्यांना मिळत होत्या, बीटा ब्लॉकर 34 टक्क्यांना आणि दोन्ही एकत्र फक्त 20 टक्क्यांना. डोसही शिफारशीच्या साधारण निम्माच.

1985 साली पास झालेल्या डॉक्टरच्या बाजूने हे पाहू. त्याला हार्ट फेल्युअरबद्दल काही येत नाही असं त्याला वाटतच नाही. चांगलं येतं. परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि त्याने बरोबर उत्तर लिहिलं होतं. तेव्हा बरोबर असलेलं उत्तर आता चूक ठरलंय, ही बातमी एखाद्या व्याख्यानात त्याच्या कानावरून गेलेलीही असेल, पण समोर पाय सुजलेला म्हातारा बसला की हात जुन्याच वाटेने जातो. आणि डोस? तो हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर सुरुवातीचा म्हणून लिहिलेला असतो. तो हळूहळू वाढवत न्यायचा, हे काम नेमकं कुणाचं, ते कार्डावर लिहिलेलं नसतं. तज्ज्ञाला वाटतं फॅमिली डॉक्टर वाढवेल, फॅमिली डॉक्टरला वाटतं तज्ज्ञांनी दिलेल्या औषधाला आपण का हात लावा. पेशंट तीन वर्षं पाव गोळीवरच राहतो.

एक उणीव तर अशी आहे की ती कुठल्याही लेखी परीक्षेत पकडता येणार नाही. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पक्षाघात टाळतं, पण कधी रक्तस्रावही घडवतं. ऑन्टारिओतल्याच नोंदींवरून चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली ‘बीएमजे’त मांडलं, की ज्या डॉक्टरच्या वॉर्फरिनवरच्या पेशंटला मोठा रक्तस्राव झाला, त्याच्या पुढच्या पेशंटना नंतरच्या 90 दिवसांत वॉर्फरिन मिळण्याचं प्रमाण घसरलं. संख्याशास्त्राच्या हिशेबात ही घट 21 टक्के होती. आणि वॉर्फरिन न दिल्यामुळे ज्यांच्या पेशंटला पक्षाघात झाला, त्यांच्या लिहिण्यात? काहीच फरक नाही. औषध देऊन झालेलं नुकसान मनाला लागतं. न देऊन झालेलं नुकसान नशिबाच्या खात्यावर जातं. या डॉक्टरांना वॉर्फरिनचे फायदे-तोटे विचारले असते, तर सगळ्यांनी बिनचूक सांगितले असते.

यातून एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि शिक्षणाच्या चर्चेत तिचं नाव फार थोडे जण घेतात. फॅमिली डॉक्टरला आपल्या निर्णयाचं पुढे काय झालं हे कळतच नाही. शल्यविशारदाचा टाका सुटला तर पेशंट त्याच्याच वॉर्डात असतो. फॅमिली डॉक्टरने शनिवारी रात्री अॅसिडिटीचं औषध देऊन घरी पाठवलेला पेशंट रविवारी पहाटे दुसऱ्याच हॉस्पिटलात दाखल होतो. तिथले डॉक्टर पत्र पाठवत नाहीत, पाठवलंच तर ते नातेवाइकांच्या पिशवीत राहतं. आणि घरचे लोक त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नाहीत. डॉक्टरच्या लेखी तो पेशंट बरा झाला, म्हणून आला नाही. अशा शेकडो न आलेल्या पेशंटांवर त्याचा आत्मविश्वास उभा राहतो.

छातीतल्या दुखण्याच्या बाबतीत याची किंमत मोजता येते. भारतातल्या 50 शहरांमधल्या 89 केंद्रांनी हार्ट अटॅकच्या वीस हजारांवर पेशंटची नोंद ठेवली, तो ‘क्रिएट’ नावाचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. मोठ्या अटॅकमध्ये दुखणं सुरू झाल्यापासून हॉस्पिटलात पोचेपर्यंतचा मधला वेळ 360 मिनिटं होता, म्हणजे निम्म्या पेशंटना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले. आत आल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला 50 मिनिटं. वेळ जातो तो हॉस्पिटलच्या दाराबाहेर, आणि त्याच रस्त्यात कुठेतरी फॅमिली डॉक्टरचा दवाखाना असतो.

तिथे काय होतं? बहुतेक ठिकाणी सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवून पाहतात. थांबलं तर हृदयाचं, नाही थांबलं तर गॅसेस. उलटंही करतात: गुलाबी औषधाने बरं वाटलं, म्हणजे अॅसिडिटी. हा तोडगा डॉक्टरांच्या पिढ्यांनी एकमेकांना शिकवलेला आहे आणि तो खोटा आहे. जॉन्स हॉपकिन्समध्ये 459 पेशंटवर सॉर्बिट्रेटच्याच जातीच्या नायट्रोग्लिसरिनचा असाच वापर तपासला, 2003 साली. ज्यांचं दुखणं खरोखर हृदयाचं होतं त्यांतल्या 35 टक्क्यांना आराम पडला, आणि ज्यांचं हृदयाचं नव्हतं त्यांतल्या 41 टक्क्यांना. नाणं उडवून पाहिलं असतं तरी वाईट झालं नसतं. गोळी देणं चूक नाही, तिच्यावरून निदान करणं चूक आहे.

मग ईसीजी. आता बऱ्याच दवाखान्यांत मशीन आहे, पण लीड लावायला बहुधा कंपाउंडर किंवा सिस्टर. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या फासळीच्या खालच्या फटीत, छातीच्या हाडाच्या उजवीकडे आणि डावीकडे, लावायचे असतात. घाईत ते एक-दोन फटी वर सरकतात, कारण फासळ्या मोजायला बोटांनी चाचपावं लागतं आणि पेशंट बाई असेल तर संकोचाने ते टळतं. वर सरकले की कागदावर जुन्या अटॅकसारखं चित्र उमटू शकतं. त्याहून धोक्याचं वाक्य म्हणजे ‘ईसीजी नॉर्मल आहे, घाबरू नका.’ अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल असू शकतो. दुखणं चालूच असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा असतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक तर नेहमीच्या बारा लीडमध्ये सरळ दिसतच नाही, पुढच्या लीडमध्ये रेघ खाली गेलेली दिसते आणि पाठीवर जादा लीड लावल्या तर उलगडा होतो. डायबेटिस असलेली साठीची बाई छातीत दुखतंय असं म्हणतच नाही. ती म्हणते, दम लागतो, घाम सुटलाय, मळमळतंय. तिचा ईसीजी काढायचं कुणाला सुचतं का, हा खरा प्रश्न आहे. गोव्यात 2018 पासून सुरू झालेल्या स्टेमी, म्हणजे मोठ्या अटॅकसाठीच्या, प्रकल्पात आरोग्य केंद्रातून ईसीजी काढून पाठवला की तो दुसरीकडे वाचून मिळतो आणि मोठ्या हॉस्पिटलशी सांधा जुळतो. वाचण्याची उणीव अशी भरून काढता येते, ही फारच मोठी गोष्ट आहे. पण कागद मशीनमधून निघालाच नाही, तर वाचणारा तरी काय वाचेल?

न सुचणं पकडायची एक युक्ती भारतातच कसाला लागली. अर्थशास्त्रज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं आणि पेशंट बनवून दवाखान्यांत पाठवलं. एकाचं सोंग होतं अनस्टेबल अँजायनाचं, म्हणजे अटॅकच्या उंबरठ्यावरचं छातीचं दुखणं. तो आत जाऊन एवढंच म्हणायचा की छातीत दुखलं. पुढे विचारलं तरच कधीपासून, किती वेळ, कुठे पसरतं, सिगरेट ओढता का, हे सांगायचं. बाहेर आल्यावर डॉक्टरने काय विचारलं, काय केलं, याची टिपणं. 2012 साली निकाल आले. विचारायलाच हवेत अशा प्रश्नांतले बहुतेक विचारलेच गेले नव्हते, आणि अचूक निदान विरळा होतं. त्याआधी दास आणि जेफ्री हॅमर यांनी दिल्लीत दाखवून दिलं होतं की डॉक्टरांना जेवढं येतं तेवढंही ते करत नाहीत. कागदावर केस दिली की ते बरेच प्रश्न लिहितात, खरा पेशंट समोर आला की त्यातले थोडेच विचारतात. म्हणजे काही ठिकाणी व्याख्यान देऊन उपयोगच नाही, कारण तिथे तूट माहितीची नाहीच.

पुढे पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात पदवी नसलेल्या 304 वैदूंवर याच पद्धतीने चाचणी झाली. ते फॅमिली डॉक्टर नव्हेत, पण निकाल इथे कामाचा आहे. निम्म्यांना नऊ महिन्यांत 72 सत्रं शिकवली आणि नंतर सोंगाचे पेशंट पाठवले. शिकलेल्यांची हाताळणी सुधारली. अनावश्यक औषधं आणि अँटिबायोटिक देणं मात्र कमी झालं नाही. ते ज्ञानाअभावी दिलं जात नव्हतं, धंद्यापायी दिलं जात होतं.

इतका खर्च प्रत्येक जिल्ह्याला परवडणार नाही. इंग्लंडमधल्या टॉन्टनच्या रिचर्ड ईव्ह या जनरल प्रॅक्टिशनरने एक सोपी वही सुचवली होती. पेशंट बाहेर गेला की स्वतःला विचारायचं: याची कुठली गरज माझ्याकडून पुरी झाली नाही? आणि ती पुरी करायला मला काय शिकायला हवं? दोन रकाने, दोन ओळी. वही चांगली आहे, पण ती अर्धीच उघड्या डोळ्यांची आहे. जे खटकलं ते तिच्यात येतं. 130/80 कधी खटकत नाही. म्हणून वहीच्या जोडीला दुसऱ्या कुणीतरी आपले केसपेपर चाळणं हवं, आणि हे आपल्याकडे अवघड जातं. शेजारच्या गल्लीतला डॉक्टर हा सहकारीही असतो आणि स्पर्धकही.

शेजारच्याला दाखवायला लाज वाटते आणि कौन्सिलला दाखवायला भीती. हे कुणी आणि कसं जमवलं, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण स्वीडनमधलं आहे, स्टॉकहोमच्या दक्षिणेला सोडर्टेल्ये गावचं. तिथे आना किस्लिंग आणि पीटर हेन्रिक्सन यांनी हृदयविकार झालेल्या पेशंटचं कोलेस्टेरॉल फॅमिली डॉक्टर कसं सांभाळतात यावर लक्ष धरलं. तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन नव्याने मार्गदर्शक सूचनांत आले होते. चिठ्ठ्या टाकून आरोग्य केंद्रांचे गट पडले. एका गटाच्या केंद्रांत गावातलेच हृदयरोगतज्ज्ञ जाऊन बसत, आणि पेशंटच्या केसेस समोर ठेवून डॉक्टर आपसांत बोलत: याला तू काय देशील, का देशील, का देणार नाहीस? तज्ज्ञाने व्याख्यान द्यायचं नाही, बोलतं करायचं. दोन वर्षांत मोजक्याच बैठका झाल्या. पण त्यांत ‘इतकं वय झालंय, आता कशाला गोळी’, ‘हॉस्पिटलने सुरू केली नाही, मी का करू’ अशी न बोललेली कारणं टेबलावर आली. कुठल्या फॉर्मवर ती कुणी लिहिली नसती.

2002 च्या अहवालात या गटाच्या पेशंटचं वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, प्रतिलिटर अर्ध्या मिलिमोलने उतरलेलं होतं, आपल्या लॅबच्या मापात सुमारे 19 ने. दुसऱ्या गटात ते जागचं हललं नव्हतं. दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा बैठका झालेल्या डॉक्टरांच्या पेशंटपैकी 22 टक्के वारले होते आणि दुसऱ्या गटातले 44 टक्के. पेशंटची संख्या लहान होती, तेव्हा निम्म्याने मृत्यू घटले असं छातीठोक सांगायला मी धजणार नाही. एलडीएलमधल्या तेवढ्या घटीने एवढा फरक पडणं जरा जास्तच वाटतं. बहुधा त्या बैठकांनी कोलेस्टेरॉलखेरीज इतरही काही बदललं असावं. मात्र एक गोष्ट नोंदवलेली आहे: मार्गदर्शक सूचनांचं पत्रक आणि त्यावरचं व्याख्यान दोन्ही गटांतल्या डॉक्टरांना मिळालं होतं.